तीन तांबडे ठोकळे

मला आधी एक सांगा. चाळिशीतला माणूस पारावर बसून दिवसभर पत्ते कुटतो, त्याला कुणी नावं ठेवत नाही. कुणी कबुतरं पाळतो, कुणी कुस्त्यांच्या फडामागं गावोगाव हिंडतो, कुणी रेडिओ उघडून बसतो आणि परत जोडताना दोन स्क्रू उरवतो. सगळं चालतं. पण मी, भूम डेपोचा कंडक्टर गुलाब, सुट्टीच्या दिवशी ओट्यावर सतरंजी टाकून प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांनी काही रचायला बसलो, की गल्लीतून जाणारा प्रत्येक जण थांबणार आणि विचारणार, "काय गुलाबराव, लेकरासाठी का?" माझी एकुलती एक मुलगी दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन नांदायला गेली, हे त्या विचारणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. तो तिच्या लग्नात जेवलेला असतो.

सोलापूरच्या दुकानदारानंही तेच विचारलं होतं. गाडी सुटायला अर्धा तास होता, मी स्टँडसमोरच्या गल्लीत चहा प्यायला गेलो आणि दुकानाच्या काचेआड तो खोका दिसला. झाकणावर तांबड्या भिंतींचं, पांढऱ्या खिडक्यांचं घर. मी आत गेलो. दुकानदार म्हणाला, "मुलगा किती वर्षांचा आहे?" मी म्हणालो, "अडतीस." तो हसला. मी हसलो नाही. खोका घेतला आणि तिकिटाच्या पेटीवर ठेवून भूमपर्यंत आणला.

त्याला आता पाच वर्षं झाली. असे तीन खोके झाले, शिवाय जत्राजत्रांतून वेचलेले सुटे ठोकळे. जत्रेची ड्यूटी लागली, की माझा ड्रायव्हर धुळाप्पा खेळण्यांच्या पालांपुढं गाडी आपोआप हळू करतो आणि आरशातून माझ्याकडं बघून मिशीत हसतो. हसू दे. माझ्याकडं आठशे बारा ठोकळे आहेत. तांबडे सगळ्यांत जास्त, पांढरे त्याखालोखाल, थोडे निळे. डालड्याच्या दोन डब्यांत ते मावतात. पाच वर्षांत एक हरवलेला नाही.

लोकांना वाटतं, रचलं की झालं. झालं कसं? आठ दिवस बघायचं, मग मोडायचं. मी भूमचा स्टँड केला, मोडला. मोटेची विहीर केली, मोडली. डेपोतलं वर्कशॉप केलं, त्यात गाडी उभी राहील एवढं दार केलं आणि पुढच्या सुट्टीला तेही मोडलं. एकेक ठोकळा सुटताना टक् करून आवाज होतो आणि डब्यात पडला की तो पुन्हा काहीही व्हायला मोकळा असतो. मोडता येतं म्हणून तर हा खेळ आहे. नाहीतर विटा-सिमेंट काय वाईट होतं?

आणि मला पाणी महाल करायचा होता. नळदुर्गच्या किल्ल्यात नदीला बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात महाल आहे. पाऊस चांगला झाला की महालाच्या दोन्ही अंगांनी पाणी कोसळतं आणि आत खिडकीत बसलेला माणूस कोरडा राहतो. मी तिकडं ड्यूटीवर गेलो होतो तेव्हा दोन तास त्या खिडकीत बसलो होतो. रद्दी वेबिलांच्या, म्हणजे आमच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदांच्या, पाठीवर त्याचे अकरा नकाशे काढले होते मी. कुठला थर कुठं, किती पांढरे, किती निळे, सगळं मांडून झालं होतं. दोन वर्षं आभाळात पाणी नव्हतं, भूमला टँकरपुढं घागरींची रांग लागत होती, अशात मला महाल करायचा होता पाण्याचा. माझी बायको पुतळाबाई म्हणाली, "करा बाई, तेवढं तरी पाणी दिसंल डोळ्याला."

पण त्याआधी मी एक चूक केली. ती माझीच, दुसऱ्या कुणाची नाही.

आमची एक गृहनिर्माण सहकारी संस्था आहे. बत्तीस सभासद. त्यात आम्ही बौद्धवाड्यातली माणसं आहोत, मेंढरंवाली आहेत, दोन-तीन नोकरदार आहेत. चेअरमन श्रीमंतराव. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन, त्यातलं एक चालत नाही. सहा वर्षांपूर्वी माळावर जागा मिळाली, पाया खणला, नारळ फुटला. मग सिमेंट नाही. मग सिमेंट आलं तर इंजिनियर नाही. इंजिनियर आला तोवर पाणी आटलं, आणि तेव्हापासून श्रीमंतरावांचं एकच उत्तर, "पाऊस पडू द्या." पायाच्या चरांमध्ये बाभळी उगवल्यात, कमरेएवढ्या. बत्तीस घरांचा नकाशा तेवढा संस्थेच्या ऑफिसात भिंतीवर आहे, निळ्या कागदावर, काचेत घालून.

सभासद मीही आहे. एका सुट्टीला मला वाटलं, सहा वर्षं ज्याची वाट बघतोय ते घर दिसतं तरी कसं, बघू. ऑफिसात जाऊन नकाशा वेबिलावर उतरवून आणला आणि ओट्यावर बसून ते घर रचलं. जसंच्या तसं. एक खोली, पुढं पडवी, एक दार, दोन खिडक्या, वर छप्पर. भिंती पांढऱ्या, छप्पर तांबडं. माझे जवळजवळ सगळे पांढरे त्यात गेले. छप्पर मी नेहमी एकसंध करतो, वरच्या वर उचलून बाजूला ठेवता येईल असं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गजरामावशी ओट्यापाशी आल्या. या धनगराच्या, साठीच्या, एकट्या. नवरा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेला आणि तिथंच वारला. सात मेंढरं उरलीत आणि आमच्या भिंतीला टेकून चार पत्र्यांचं खोपट. त्याही सभासद.

"कुणाचं घर हाय हे, गुलाब?"

मला दुपारची बार्शी गाडी होती. एक हात सदऱ्याच्या बाहीत, तोंडात भाकरीचा घास. मी म्हणालो, "तुमचंच समजा, मावशी," आणि निघालो.

संध्याकाळी परत आलो तर घराच्या छपरावर हळदकुंकू.

दारापुढं पाच दाणे ज्वारीचे, एक सुपारी आणि कण्हेरीचं फूल. पुतळाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "म्या न्हाय बाई अडवलं," ती म्हणाली. "म्हातारी माणूस, रडाय लागली. तुमीच म्हणलाव म्हणं, तुमचंच हाय म्हणून."

आमच्या घरात देव नाहीत. बापानं धम्म घेतला त्या वर्षी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून विहिरीत सोडले आणि परत वळूनसुद्धा बघितलं नाही. ती विहीर मला अजून दाखवता येईल. आणि तीस वर्षांनी माझ्याच ओट्यावर, माझ्याच ठोकळ्यांवर कुंकू! मी ओल्या फडक्यानं ते पुसलं. ठोकळ्यांवरच्या गुंड्यांच्या फटीत गेलेलं निघेना, दात कोरायच्या काडीनं काढलं.

पुसून काय होतंय? त्याच आठवड्यात संस्थेनं चिठ्ठ्या काढल्या. काम सुरू झालं की पहिली बारा घरं कुणाची, यासाठी. पाया नाही भरलेला आणि चिठ्ठ्या! पण काढल्या. पहिली चिठ्ठी निघाली गजरामावशींची.

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापुढं नऊ बाया.

देवीच्या डोंगराला गेलेल्यांनी बघितलं असेल, पायऱ्यांच्या कडेनं लहान लहान दगडांवर दगड रचून ठेवलेले असतात. ज्याला घर नाही तो असं घर रचतो आणि म्हणतो, आई, असं एक खरं होऊ दे. ते रचलेलं कुणी पाडायचं नसतं. शेळीसुद्धा तिथनं हाकतात. ज्याच्या हातून पडलं त्याच्या माथी दुसऱ्याचं घर मोडल्याचं पाप. आता या बायांनी ते सगळं उचललं आणि माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. कंडक्टरनं ज्याच्या नावानं रचलं त्याची चिठ्ठी निघते. अन् रचलेलं मोडायचं नाही.

"अहो हे खेळणं आहे!" मी ओरडलो. "सोलापूरला दुकानात मिळतं. खोक्यावर लिहिलंय, खेळणं म्हणून!"

"असूद्या की," गोंधळीवाड्यातली सिताबाई म्हणाली. "आमचं बी एक रचा."

"पांढरे संपले."

"मंग ह्याच्यावरच आमचं बी नाव घ्या."

आणि त्या एकामागून एक त्या घरापुढं वाकल्या. मी घराला हात लावायला गेलो, तर गजरामावशी आडव्या झाल्या. खरंच आडव्या, ओट्यावर अंग टाकलं. "माझं घर मोडतोस व्हय रं, गुलाब? तुज्या तोंडानं दिलंयस. म्या काय मागितलं व्हतं?"

दिलं होतं. तोंडात घास घेऊन दिलं होतं, पण दिलं होतं.

तीन आठवडे माझे ठोकळे त्या ओट्यावर अडकून पडले. तीन सुट्ट्या गेल्या. मी वेबिलांवरचे नकाशे काढून बघायचो आणि परत घडी घालायचो. पाणी महालाला पांढरे लागतात आणि पांढरे सगळे त्या घरात. मला खरोखर संताप येत होता. बायांचाही येत होता, पण त्याहून जास्त दुसऱ्याच गोष्टीचा. या सगळ्याजणी सहा वर्षांत कधी संस्थेच्या ऑफिसाची पायरी चढल्या नव्हत्या. एकीनं श्रीमंतरावांना विचारलं नव्हतं की बाबा, पाण्याचा टँकर तुमच्या सोयऱ्याच्या मंगल कार्यालयाच्या बांधकामाला मिळतो तो आमच्या पायाला का नाही. आणि माझ्या ठोकळ्यांपुढं मात्र रोज सकाळी हजर, हात जोडून.

मग श्रीमंतराव स्वतः आले.

मला वाटलं, आता हा तरी शहाणपणाचं बोलेल. चपला काढल्या त्यांनी! माझ्या ओट्याखाली चपला काढल्या, डोक्यावर टोपी सारखी केली आणि त्या घराला हात जोडले. बाया बघत होत्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुलाबराव, लई मोठं काम केलंव. लोकांची श्रद्धा हाय. दुखवू नका."

"चेअरमनसाहेब, हे प्लॅस्टिक आहे."

"आसंना. येत्या रविवारी आपली वार्षिक सभा हाय. त्या दिवशी हे घर ऑफिसात आणा. काचंचं कपाट रिकामं करून ठिवलंय. तिथं कुलपात ऱ्हाईल, कुणाचा धक्का लागायला नको." आणि बायांकडं वळून, जरा आवाज चढवून, "हे घर उभं हाय तवर आपलं काम अडत न्हाय, काय? ह्येची राखण करा, बाकीचं पावसावर सोडा."

बायांनी माना डोलावल्या. मला तेव्हा सगळं कळलं आणि कानशिलं तापली. लोक जोवर खेळण्याला हात जोडतायत तोवर या चेअरमनला कुणी हात धरून विचारणार नाही. सहा वर्षं कधी सिमेंट, कधी पाऊस पुरवला त्यानं. आता माझे ठोकळे पुरवणार होता.

रात्री जेवताना पुतळाबाईला म्हणालो, "रविवारी नेतो ते घर ऑफिसात. पण कपाटात ठेवायला नाही. सगळ्यांच्या समोर मोडणार आहे. एकेक ठोकळा सुटा करून दाखवणार."

"बाया अंगावर येतील."

"येऊ दे."

"अन् मावशी?"

मी ताट बाजूला सारलं आणि हात धुवायला उठलो.

रविवारी सकाळी ते घर पितळी परातीत ठेवलं आणि डोक्यावर न घेता दोन्ही हातांनी पोटाशी धरून चाललो. डोक्यावर घेतलं असतं तर लोकांनी वाजंत्री लावली असती. ऑफिस म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याचा मांडव. बत्तीस सभासद, त्यांची माणसं, कडेला बाया. टेबलावर हिरवं कापड, मागं भिंतीवर निळा नकाशा, बाजूला रिकामं कपाट, त्यात कागदी फुलांची झालरसुद्धा लावलेली. श्रीमंतराव उभे राहिले, "या, गुलाबराव, या."

मी परात टेबलावर ठेवली. म्हणालो, "मंडळी, मी हे रचलं. हा माझा खेळ आहे. मी दर आठवड्याला रचतो आणि मोडतो. हे देव नाही, नवस नाही. आता तुमच्या डोळ्यांदेखत मोडणार आहे." आणि कुणी पुढं यायच्या आत छप्पर दोन्ही हातांनी उचललं आणि बाजूला ठेवलं.

बायांतून आवाज उठला. गजरामावशी लुगड्याचा ओचा सावरत गर्दीतून वाट काढत पुढं आल्या. मला वाटलं, आता परात धरतील, रडतील. त्यांनी टेबलाला हात टेकले आणि आत वाकून बघितलं.

तीन आठवडे त्यांनी रोज त्या घराला फूल वाहिलं होतं. छपराखाली बघितलं नव्हतं कुणीच.

मावशींनी आधी भिंती न्याहाळल्या. मग बोट आत घालून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडं फिरवलं.

"गुलाब, चूल कुठाय?"

"आं?"

"चूल रं. चूल कुठं घालायची ह्यात?"

मीही वाकून बघितलं. चार भिंती, दार, दोन खिडक्या. मी म्हणालो, "मावशी, मी नकाशात होतं तसं केलं."

"नकाशात न्हाय?"

सगळ्यांची तोंडं भिंतीकडं वळली. मी पुढं होऊन काचेवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. खोली. पडवी. दार. खिडकी, खिडकी. बस्स. चूल नाही, धूर जायला धुराडं नाही, न्हाणी नाही. सहा वर्षं तो कागद त्या भिंतीवर होता. पुरुष माणसं त्याच्याखाली बसून चहा पीत आली होती, मी स्वतः तो उतरवून घेतला होता, रेघ न् रेघ. एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मला माझाच एवढा राग आला की काय सांगू. भाकरी रोज खातो मी.

"मावशी," श्रीमंतराव गोड आवाजात म्हणाले, "चूल काय, बाहीर पडवीत घालता यील की. पुढचं पुढं बघू."

"पडवीत?" मावशींचा आवाज चढला. "पडवीत माजी कोकरं बांधू, का चूल घालू? अन् पावसाळ्यात? पाऊस पडू द्या, पाऊस पडू द्या म्हणतूस सा वर्सं, मंग पडल्यावर म्या भिजत भाकरी थापू व्हय? चुलीबिगर घर आसतंय व्हय कुठं? म्हसणवट्यात सुदीक तीन दगडं मांडत्यात!"

"श्रद्धेनं घ्या जरा..."

"आन् म्या याड्यासारकी ह्याला हळदकुंकू वाहिलं!" त्या आता बायांकडं वळल्या होत्या. "तरीच म्हणलं काम का अडतंय. चूलच न्हाय तर घर व्हणार कसं? कुणी बगितलं का गं? न्हाय बगितलं. म्या बी न्हाय." आणि माझ्याकडं बोट करून, "मोड, गुलाब. मोड ते. आत्ता मोड."

मी जे करायला आलो होतो ते मला करायची परवानगी मिळाली, आणि ती अशा कारणासाठी की माझं सगळं भाषण फुकट गेलं. पण मोडलं. टक्, टक्, टक्. भिंती सुट्या झाल्या, परातीत ठोकळ्यांचा ढीग झाला. कुणी ओरडलं नाही. सिताबाई पुढं सरकून बघत होती.

"झालं?" मावशी म्हणाल्या. "आता बस हितं. नीट रच."

मी बसलो. त्या सांगायला लागल्या, तर मधेच सिताबाई म्हणाली, दार उगवतीला पाहिजे. दुसरी म्हणाली, न्हाणीचं पाणी चुलीकडं नाही जायला पाहिजे. मी एक भिंत उचलून सरकवतोय तोवर मावशींनी कंटाळून परातीत हात घातला. एक तांबडा ठोकळा उचलला, उलटासुलटा बघितला, माझ्या बोटांकडं बघितलं आणि दुसऱ्यावर दाबला. बसेना. परत दाबला. टक्.

त्या चमकल्या आणि हसल्या. तोंडावर पदर घेऊन हसल्या. "बसलं की रं!"

चार वर्षं मी गल्लीला बोंबलून सांगत होतो, हा खेळ आहे, खेळ आहे. आणि चार वर्षांत एक ठोकळा कुणाच्या हातात दिला नव्हता. हरवेल म्हणून. तिथं परातीपुढं बसून मला ते कळलं आणि मान वर करवेना.

तासभर चाललं ते. वीस-पंचवीस हात परातीत. खोलीतून एक भाग काढून स्वयंपाकाची जागा झाली. मागच्या बाजूला न्हाणी झाली. पडवीला एक अर्धी भिंत आली, कोकरांसाठी. सभा तशीच थांबलेली, पुरुष माणसं माना लांब करून बघतायत, श्रीमंतराव घड्याळ बघतायत. शेवटी मावशींनी तीन तांबडे ठोकळे वेचून घेतले आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यात तीन बाजूंना मांडले. तीन दगडांची चूल. त्याच्यावर त्यांनी हात धरला, ऊब लागते का बघावं तसा.

"असं पायजे," त्या चेअरमनला म्हणाल्या.

श्रीमंतराव उभे राहिले. "मावशी, नकाशा वरनं मंजूर होऊन आलेला हाय. त्यो बदलता येत न्हाय."

गजरामावशींनी त्यांच्याकडं बघितलं. मग वाकून स्वयंपाकाची आडवी भिंत चिमटीत धरली, उचलली, बोटभर पुढं नेली आणि दाबली. टक् आवाज झाला.

"ह्यो बघ," त्या म्हणाल्या. "बदलला."

त्या दिवशी ठराव लिहावा लागला श्रीमंतरावांना. चालणाऱ्या पेनानं. बत्तीस घरांना चूल आणि न्हाणी, आणि पाण्याच्या टँकरचं मी तिथंच विचारून घेतलं, त्याचं लेखी उत्तर पुढच्या महिन्यात. अंगठे बायांनीसुद्धा उठवले, आणि काचेचं कपाट तसंच रिकामं राहिलं, झालरीसकट.

घरी येऊन मी परात ओट्यावर ठेवली आणि ते घर मोडायला बसलो. पाणी महाल थांबला होता. हात लावला आणि तसाच धरून राहिलो. मला मोडवेना. मला, गुलाबला! शेवटी मावशीच पत्र्याखालून आल्या.

"अजून मोडलं न्हाईस? मोड की. माज्या ध्यानात हाय सारं." त्या बसल्या, आणि आम्ही दोघांनी मिळून मोडलं. पांढरे एका डब्यात, तांबडे दुसऱ्यात. नंतर मी मोजले, तर आठशे नऊ. तीन तांबडे कमी. मी डब्यांची झाकणं लावली.

पाणी महाल झाला. सहा दिवसांत झाला, पांढरा आणि निळा, मधे खिडकी. धुळाप्पा बघायला आला आणि पहिल्यांदा हसला नाही.

पण तो आठ दिवससुद्धा राहिला नाही. ठराव वर पाठवलाय म्हणतात, उत्तर नाही. टँकरचं तर नावच नाही. म्हणून आता दर महिन्याच्या सभेला गजरामावशी मला उठवतात. मी दोन्ही डबे घेऊन त्यांच्या मागं जायचं, ऑफिसाच्या टेबलावर ते घर पहिल्यापासून रचायचं, आणि रचून होईपर्यंत श्रीमंतरावांनी उठायचं नाही. त्यासाठी माझं जे काही उभं असेल ते आधी मोडावं लागतं. परवा पुन्हा रचलेलं वर्कशॉप मोडलं, पहिल्या खेपेला महाल. चिडतो मी. माझी सुट्टी, माझे ठोकळे! चिडत चिडत जातो. अकरा वेळा रचून झालंय. बाया आता मला विचारतसुद्धा नाहीत, भराभर भिंती उभ्या करतात.

सगळं झालं की मावशी पदराची गाठ सोडतात. त्यातून तीन तांबडे ठोकळे काढून कोपऱ्यात मांडतात, श्रीमंतरावांकडं बघतात आणि विचारतात, "कवा?"

ते म्हणतात, "पाऊस पडू द्या, मावशी."

मग त्या चूल उचलतात, परत गाठ मारतात आणि मला म्हणतात, "मोड, गुलाब. पुढल्या महिन्याला परत."